मांडीवरची भाषा

मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशात 22 माया भाषा नांदतात. त्यांतील किचे ही बोलणाऱ्यांच्या संख्येने मोठ्या भाषांपैकी एक. तिचे भाषक सुमारे 10 लाख. सृष्टीच्या उत्पत्तीची कथा सांगणारा ‘पोपोल वूह’ हा ग्रंथ याच भाषेतला. किचेत विसाला ‘हुविनाक’, म्हणजे ‘एक माणूस’, असे म्हणतात. कारण एका माणसाच्या हातापायांची बोटे वीस. कोडीने मोजणाऱ्या आमच्या आजोबांना हा हिशेब चटकन उमजला असता.

अशा संपन्न वाणीलाही तिच्याच देशात ‘भाषा’ म्हणावयास नगरवासी तयार नव्हते. स्पॅनिश तेवढी भाषा, बाकीच्या नुसत्या बोल्या, असा समज. दुःख याचे, की तो समज बोलणाऱ्यांच्याही मनात उतरला. शाळेत मातृभाषा तोंडातून निघाली म्हणून शिक्षा सोसलेली मुले पुढे आईबाप झाली, तेव्हा त्यांतील अनेकांनी लेकरांशी स्पॅनिशच बोलावयाचे ठरविले. यात भाषेचा द्वेष नव्हता. आपले हाल मुलाच्या वाट्याला येऊ नयेत, ही ममता होती.

1960 ते 1996 या काळातील यादवीत सुमारे 2 लाख माणसे मेली वा नाहीशी झाली. त्यांत बहुसंख्य माया होती. एवढे सोसूनही हा समाज आपल्या भाषांसाठी उभा राहिला. 1987 साली माया भाषांसाठी एकसूत्री वर्णमाला ठरली, 1990 साली माया भाषांची अकादमी कायद्याने स्थापन झाली आणि 2003 साली या भाषांना राष्ट्रीय भाषा म्हणून मान्यता मिळाली. तरीही अँटिग्वा शहराच्या आसपासच्या काही गावांत आजी काकचिकेल बोलते आणि नातू स्पॅनिशमध्ये उत्तर देतो.

असे का व्हावे? किचे क्रियापदाला मागेपुढे इतके प्रत्यय जडतात, की प्रौढ शिकणाऱ्यास घाम फुटतो. परंतु अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लिफ्टन पाय यांना असे आढळले, की किचे बालके क्रियापदाचा शेवटचा, आघात पडणारा तुकडाच प्रथम उचलतात आणि त्यावरून पुढे सारा डोलारा उभारतात. त्यांना व्याकरण कोणी शिकवीत नाही. अट एकच: भाषा रोज कानी पडली पाहिजे. कायदा आणि अकादमी भाषेला प्रतिष्ठा देतात. लेकराच्या कानी ती घालण्याचे काम मात्र घरालाच करावे लागते.

आमच्या इंदुरात मराठी बोलल्याबद्दल कोणी छडी उगारली नाही, की बंदूक रोखली नाही. आम्ही गणेशोत्सवात मराठी नाटके करतो, दिवाळी अंक अगत्याने मागवितो; आणि पाण्याचा पेला पुढे करून नातवाला म्हणतो, “बेटा, पानी पी लो!” त्या माया मातापित्यांना निदान भय तरी होते. आम्हांस कोणते?

वाचकहो, आज रात्रीच्या पंगतीत नातवंडांच्या कानी मराठीची किती वाक्ये पडली, एवढे मोजून पाहावे. कोडीभर भरली, तरी आरंभ बरा झाला म्हणू.