घंटा थांबवायची कुणी?

देवळातली घंटा आपण वाजवतो आणि पुढे होतो. तिला थांबवायचं मनातसुद्धा येत नाही. अमेरिकेतल्या चर्चमध्ये आणि शाळांमध्ये हँडबेल वाजवणाऱ्यांचं मात्र अर्धं कौशल्य थांबवण्यातच असतं. टेबलामागे दहा-बाराजण उभे, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण दोन घंटा, म्हणजे दोनच सूर. सूर संपला की घंटा खांद्याला टेकवायची, आवाज बंद. थांबवायचं नसेल तर नोटेशनमध्ये 'एलव्ही' लिहितात. लेट व्हायब्रेट, म्हणजे घुमू दे! मग कागदावर सूर एका मात्रेचा दिसला तरी पुढचा एलव्ही किंवा थांबवण्याची खूण येईपर्यंत तो वाजत राहतो.

आता हेच नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये लिहा, 'एलव्ही' साधा मजकूर म्हणून टाईप करा आणि प्ले दाबा. प्रत्येक सूर मात्रा संपली की गप्प. एकदम नीटनेटकं, आणि साफ चूक.

कारण सोपं आहे. १९८३ साली आलेल्या मिडीच्या मुळाशी कीबोर्डचा विचार आहे: पट्टी दाबली, पट्टी सोडली. सोडली की सूर संपला. घंटेचा डीफॉल्ट बरोबर उलटा, कुणी थांबवेपर्यंत ती वाजतेच.

यावर जुना जुगाड म्हणजे पियानोचं पेडल. सिबेलियसमध्ये '~सी६४,१२७' असा मजकूर (अर्थात रोमन लिपीत) लिहून लपवायचा, की कंट्रोलर ६४ चालू. ० पाठवलं की बंद. पण नवा एलव्ही आला की आधीचे सूर थांबायला हवेत, म्हणून तिथे आधी ० आणि मग पुन्हा १२७. शिवाय पेडल अख्ख्या चॅनलला लागू होतं. एलव्ही फक्त वरच्या घंटांना असेल आणि दोन्ही स्टाफ एकाच चॅनलवर असतील, तर खालच्याही घुमत बसणार. म्हणजे चॅनल वेगळे करा. आलं ना लक्षात?

"प्लेबॅक काय, नुसता अंदाजासाठी असतो," असं काहीजण म्हणतील. मला नाही पटत. माणूस कानांवर विश्वास ठेवतो. स्क्रीनवर स्वच्छ ऐकू आलेल्या सुरावटीचा प्रत्यक्षात गोंगाट होऊ शकतो, आणि ते कळतं कधी? बाराजण तालमीला जमल्यावर.

माझं म्हणणं एवढंच, की एलव्ही हा मजकूर नाही, ती सूचना आहे, आणि प्रोग्रॅमने ती सूचना म्हणूनच साठवायला हवी. लपवलेल्या पेडलमध्ये 'का' हरवतं, उरतो फक्त आकडा. २०२४ मध्ये 'फिनाले' बंद झाल्याचं जाहीर झालं आणि अनेकांना वर्षानुवर्षांच्या फाईली घेऊन दुसरं घर शोधावं लागलं. अशा वेळी अर्थ जपलेला असेल तरच नव्या घरात घंटा घुमेल. नाहीतर आहेच पुन्हा ६४, १२७, ०...