आवाळू की गाठ?

‘आवाळू’ हा शब्द आता घराघरांतून नाहीसा होत चालला आहे. पूर्वी एखाद्या आजोबांच्या मानेवर किंवा पाठीवर आवळ्याएवढा मऊ उंचवटा असे. नातवंडे तो बोटाने दाबून बघत, न्हावी वस्तरा जपून फिरवी, आणि ते आवाळू अंगावर वागवीत आजोबा सुखाने म्हातारे होत. आज त्याच वस्तूला सगळे ‘गाठ’ म्हणतात, आणि मराठी मनात या शब्दाला फार वाईट सोबत आहे. १८९६ साली मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग आला, तो जांघेत आणि काखेत गाठ घेऊनच. प्लेग गेला, पण शब्दातली धडकी राहिली. पुढे तिची जागा कर्करोगाने घेतली.

मी तालुक्याच्या गावी शस्त्रक्रिया करतो. गाठ दाखवायला माझ्याकडे दोन प्रकारची माणसे येतात. काहींनी ‘गाठ’ या शब्दाने रात्र जागून काढलेली असते. त्यांना ती उद्याच्या उद्या काढून हवी असते. काहींनी ‘आवाळूच ते’ म्हणून दोन-तीन वर्षे काढलेली असतात; त्यांना मुलगा किंवा सून बळेच घेऊन आलेली असते. माझे म्हणणे असे, की या दोघांचीही चूक एकच आहे. दोघांनीही गाठीचे बारसे घरीच उरकलेले असते.

चरबीच्या गाठीला वैद्यकात लायपोमा म्हणतात. त्वचेखाली चरबीचा थर सर्वांनाच असतो. त्यातल्या काही पेशी एके ठिकाणी वाढतात आणि त्यांच्याभोवती पातळ वेष्टन तयार होते. १०० जणांत साधारण एकाला अशी गाठ असते, बहुधा ४० ते ६० या वयात. काही घराण्यांत तर बाप-लेकांच्या हातांवर पाच-दहा गाठी सहज सापडतात. उपास करून ती विरघळत नाही. माणूस वाळला तरी गाठ तशीच राहते. चोळून, शेकून, लेप लावूनही ती जात नाही; चुना लावला तर कातडी मात्र भाजते. कडेला दाबले की ती बोटाखालून निसटते. अशी साधी गाठ पुढे कर्करोगात बदलणे इतके दुर्मीळ आहे, की केवळ त्या भीतीपोटी ती काढण्याचे कारण नाही.

मग काढायची कधी? पट्ट्याखाली किंवा ब्लाउजच्या काठाखाली घासत असेल, दुखत असेल, वाढत असेल, निदानाची शंका असेल, तेव्हा. दिसायला बरे दिसत नाही म्हणूनही काढावी. त्यात हसण्यासारखे काही नाही. पण हा व्यवहार आधी समजून घ्यावा. ऑपरेशन बहुधा छोटे असते. जागा बधिर करायची, चीर द्यायची, वेष्टनासकट गाठ मोकळी करून बाहेर घ्यायची आणि टाके घालायचे. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. तरीही आत रक्त किंवा पाणी साचणे, पू होणे, जवळची नस दुखावणे हे घडू शकते. मानेच्या मागची गाठ धाग्यांनी घट्ट धरलेली असते, ती सहज सुटत नाही. कपाळावरची पुष्कळदा स्नायूच्या खाली दडलेली असते. शिवाय गाठ जाते तिथे व्रण येतो. खांद्यावर आणि छातीवर तर काहींचा व्रण फुगून मूळ गाठीपेक्षाही जास्त नजरेत भरतो. मुलगी दाखवायची आहे म्हणून तिच्या दंडावरची वाटाण्याएवढी गाठ घाईने काढायला आणणाऱ्या आईवडिलांना मी हे आधी सांगतो, आणि मग मुलीला काय हवे ते तिलाच विचारतो. बहुतेक वेळा तिला ते पहिल्यांदाच कोणी विचारलेले असते.

दुसरी बाजू याहून गंभीर आहे. ‘दुखत नाही ना, मग काही नाही’ हे वाक्य मला जवळजवळ रोज ऐकू येते. चरबीची गाठ सहसा दुखत नाही हे खरे. पण स्तनाचा कर्करोगही सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि मांडीत खोलवर वाढणारा सार्कोमाही पुष्कळदा दुखत नाही. एका बाईंच्या मांडीत असाच गोळा होता. त्यांच्या आईच्या पाठीवर आवाळू होते, तेव्हा हेही तेच, असे घरात ठरून गेले. नऊवारीत तो कोणाला दिसतही नव्हता. दोन वेळा भातलावणी झाली, नातीचे लग्न झाले, आणि गोळा नारळाएवढा झाला. तो चरबीचाच होता, पण साधा नव्हता. तो लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीचा कर्करोग होता. मुंबईला पाठवावे लागले. पाय वाचला, पण वेळेवर आल्या असत्या तर त्यांचे निम्मे हाल टळले असते.

म्हणून ५ सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे चांगल्या मोठ्या लिंबापेक्षा मोठी, कठीण, खोल बसलेली, काही महिन्यांत वाढलेली, दुखू लागलेली किंवा एकदा काढून पुन्हा आलेली गाठ लगेच दाखवावी. स्तनातली, काखेतली, मानेच्या बाजूची गाठ कितीही लहान असली तरी दाखवावी.

‘सुई लागली की गाठ बिथरते’ असाही एक समज आहे, आणि त्यापायी माणसे तपासणी टाळतात. वास्तविक धोका आहे तो न तपासता कापण्यात. मोठ्या, खोल गाठीची आधी सोनोग्राफी किंवा एमआरआय, आणि गरज पडल्यास सुईने तुकडा घेऊन तपासणी व्हायला हवी. ती न करता चरबीची समजून गाठ काढायला घेतली आणि ती सार्कोमा निघाली, तर रोगाच्या पेशी जखमेत पसरू शकतात आणि पुढचे ऑपरेशन अधिक मोठे होते.

शेवटच्या मुद्द्यावर मी हट्टी आहे. काढलेली गाठ तपासायला गेलीच पाहिजे. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी फॉर्मलिनमध्ये बुडवलेली गाठ बरणीत घालून नातेवाइकांच्या हाती देतात आणि लॅबमध्ये पोचवायला सांगतात. सगळ्या बरण्या तिथे पोचत नाहीत. ‘डॉक्टरच म्हणाले साधी आहे, मग खर्च कशाला?’ असा हिशेब वाटेत होतो. काही सहकारीही म्हणतात, की गाठ लहान, मऊ, नेहमीची असेल तर गरिबावर हा भुर्दंड नको. त्यांची कळकळ मला समजते. पण माझी बोटे कितीही अनुभवी असली तरी पेशी त्यांना दिसत नाहीत. त्यासाठी सूक्ष्मदर्शकच लागतो. त्यापेक्षा तपासणीचा खर्च डॉक्टरांनी ऑपरेशनच्या खर्चात आधीच धरून सांगावा आणि बरणी आपणच पाठवावी. म्हणजे तो हिशेब वाटेत व्हायचा नाही.

तेव्हा घरात कोणाच्या अंगावर गाठ लागली, तर तिचे नाव ठरवण्याची घाई नको. हात लावून नीट तपासणाऱ्या डॉक्टरांना दाखवावी. पुष्कळदा ते ‘राहू द्या, वाढली तर या’ एवढेच म्हणतील. न कापता परत पाठवले म्हणजे फी वाया गेली, असे समजू नये. आणि गाठ काढलीच, तर रिपोर्ट हाती पडेपर्यंत पाठपुरावा करावा. त्या कागदावर ‘लायपोमा’ असे लिहिलेले दिसले, की मग खुशाल तिला आवाळू म्हणावे.