माफी यंत्राची, पण जबाबदारी कोणाची?

हॉटेलात खोली घाण निघाली, गरम पाणी आलं नाही, बुकिंग असून खोलीच मिळाली नाही, तर ग्राहकाने मोबाइलवर तक्रार टाकायची. मग जनरेटिव्ह एआय काही सेकंदांत गोड माफी लिहिणार आणि सोबत सवलत, पॉइंट किंवा फुकट नाश्ता देणार. या व्यवस्थेचं सध्या मोठं कौतुक चालू आहे. आमचा तंत्रज्ञानाला विरोध नाही. (मराठीत लिहिलेली तक्रार यंत्राने तरी वाचली तर आनंदच.) प्रश्न असा आहे की, या माफीमागे जबाबदार माणूस कोण?

एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटने आजी वारलेल्या एका प्रवाशाला सवलतीच्या भाड्याबद्दल चुकीची माहिती दिली. प्रकरण न्यायाधिकरणात गेलं, तेव्हा चॅटबॉट जे बोलला त्याला कंपनी जबाबदार नाही, असा पवित्रा कंपनीने घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने तो फेटाळून भरपाई द्यायला लावली. विमान कंपनी हे बोलू शकते, तर उद्या हॉटेलमालकही बोलेल.

आणि भरपाई ठरणार कशावरून? ग्राहक किती वेळा येतो, किती पैसे खर्च करतो, याची माहिती यंत्राच्या हाती दिली, तर नेहमीच्या श्रीमंताला मोठी खोली आणि पोराच्या परीक्षेसाठी एकदाच शहरात आलेल्या बापाला चहाचं कूपन. त्रास सारखाच, किंमत पायरीपायरीने वेगळी. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

आमच्या वस्तीतल्या बाया हॉटेलांत कंत्राटी हाउसकीपिंग करतात. एका पाळीत चौदा-पंधरा खोल्या. चादरी कमी पडल्या, नळ बिघडला, माणसं कमी होती, यातलं काहीच त्यांच्या हातात नसतं. पण यंत्राने "सफाईतील त्रुटी" असं लिहून भरपाई दिली की तो शेरा बाईच्या नावावर चढतो. तिचं म्हणणं ऐकण्याचा रकानाच नाही. ग्राहकाला दिलेली सवलत उद्या तिच्या पगारातून कापली गेली, तर ती दाद मागणार कोणाकडे? कंत्राटदार हॉटेलकडे बोट दाखवतो, हॉटेल कंत्राटदाराकडे. आता दोघेही यंत्राकडे दाखवतील.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. आज कोणी आडनाव पाहून "खोली शिल्लक नाही" म्हणालं, तर यंत्राच्या लेखी ती "गैरसोय" ठरणार आणि पुढच्या मुक्कामावर वीस टक्के सूट मिळणार! संविधानाच्या कलम १५(२) ने हॉटेलचं दार सर्वांना उघडं केलं आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेलात प्रवेश नाकारणं १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. गुन्ह्यावर कूपन देता येत नाही.

म्हणून असा संदेश आला तर "स्वीकारा" हे बटण दाबण्याची घाई करू नका. स्क्रीनशॉट ठेवा, व्यवस्थापकाचं नाव आणि सहीचं उत्तर मागा. सेवेतील त्रुटी असेल तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, ग्राहक आयोग आहे. जात पाहून नाकारलं असेल तर सरळ पोलीस ठाणं गाठा, आणि जाताना आम्हाला फोन करा. आम्ही सोबत येऊ.