फाइल हलली; पण कोणी हलवली?

ऑगस्ट २०२३ मध्ये ठाणे महापालिकेच्या कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अशी कोणतीही चौकशी सुरू झाली की आधी मागवला जातो तो केसपेपर. रुग्ण किती वाजता आला, इंजेक्शन कधी दिले, डॉक्टरांनी कधी तपासले? कागदावर खाडाखोड झाली तर शाई आणि अक्षराचे वळण चुगली करतात. कळवा असो, कल्याणचे रुक्मिणीबाई असो की डोंबिवलीचे शास्त्रीनगर. या नोंदी संगणकावर गेल्या की तिथली खाडाखोड कोण पाहणार?

सरकारी कचेरीत आवक-जावक बारनिशी असते. कोणता कागद कधी आला, कुठे गेला, हे तीत लिहिलेले असते. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्येही अशीच सोय आहे. लिनक्समध्ये २००५ पासून ‘आयनोटिफाय’ आहे, मॅकमध्ये २००७ पासून ‘एफएसइव्हेंट्स’. विंडोजमध्येही तशी व्यवस्था आहे. फाइल बदलली, तिचे नाव पालटले किंवा ती पुसली, की पहाऱ्यावरच्या प्रोग्रॅमला सूचना जाते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला, तेव्हा पुढे कित्येक दिवस रुग्णनोंदणी हाताने करावी लागली. खंडणीखोर सॉफ्टवेअर असंख्य फाइली भराभर कुलूपबंद करते. ती असाधारण धावपळ वेळेत टिपली, तर नुकसान आटोक्यात ठेवता येते.

पण ही बारनिशी सर्वज्ञ नाही. आयनोटिफाय फाइल बदलल्याचे सांगते, कोणी बदलली ते सांगत नाही. ते शोधायचे तर ‘ऑडिट’ यंत्रणेचे नियम वेगळे घालावे लागतात. एका फोल्डरवर पहारा बसवला म्हणून त्याच्या पोटातील फोल्डरांवर तो आपोआप बसत नाही. सूचना फार वेगाने आल्या तर रांग भरते. सहसा तिची मर्यादा १६,३८४ असते. त्यापुढच्या सूचना गळतात आणि मागे उरतो तो ‘रांग भरली’ एवढाच निरोप. सामायिक साठ्यातील फाइल नेटवर्कवरील दुसऱ्या संगणकाने बदलली, तर तेही दिसत नाही. शिवाय रुग्णांच्या नोंदी बहुधा डेटाबेसमध्ये असतात. तिथे मोठी फाइल बदलल्याचे कळते. कोणत्या रुग्णाची ओळ बदलली, हे नाही. तो माग रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरनेच ठेवायला हवा.

यातल्या बहुतेक मर्यादा लिनक्सच्या माहितीपुस्तिकेत स्वतंत्र शीर्षकाखाली छापलेल्या आहेत. औषधाच्या पाकिटातील चिठ्ठी दुष्परिणाम सांगते, तसाच हा प्रामाणिकपणा. अडचण अशी की ती चिठ्ठी प्रोग्रॅमरसाठी असते. रुग्णालयापर्यंत येते ते ‘यंत्रणा पूर्ण सुरक्षित आहे’ असे आश्वासन.

‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सरकारी संस्थांनाही संगणकीय नोंदवह्या १८० दिवस जपाव्या लागतात आणि सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते. पण जे टिपलेच गेले नाही, ते जपणार काय? आणि रात्री दोन वाजता आलेला इशारा कोणी वाचलाच नाही, तर सहा तासांचे घड्याळ कशाच्या कामाचे?

नागरी सेवांच्या संगणकीकरणात कल्याण-डोंबिवली महापालिका राज्यात आघाडीवर होती. तिचा कित्ता इतर शहरांनी गिरवला. आता ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीने आणखी एक कित्ता घालून द्यावा. रुग्णालयाच्या संगणकप्रणालीच्या निविदेत साध्या मराठीतील माहितीपत्रक सक्तीचे करावे. पहारा कशावर आहे, काय दिसत नाही, इशारा कोणाला जातो आणि त्याने पुढे काय करायचे, हे त्यात असावे. रात्रपाळीच्या परिचारिकेला ते वाचून कळले पाहिजे.

हा कर्मचाऱ्यांवरचा अविश्वास नव्हे. वेळेवर इंजेक्शन देऊन वेळेवर नोंद करणाऱ्या परिचारिकेची बाजू उद्याच्या चौकशीत हीच बारनिशी मांडणार आहे. आणि घरचे माणूस गमावलेल्या कुटुंबाला खरे काय घडले हे कळायचे असेल, तर नोंद शाबूत राहिली पाहिजे.