दम लागतो, तो वयामुळे की हृदयामुळे?

परळीला वैजनाथाच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबून दम घेणाऱ्या बायका आपण नेहमी पाहतो. विचारलं तर म्हणतात, "काही नाही हो, वय झालं!" घरातल्या पुरुषाला असा दम लागला तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठतात. बाईचं मात्र "लग्नसराई आटपू दे, मग बघू."

आधी एक गैरसमज दूर करू. 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला, असं आपण बोलून जातो. डॉक्टरांच्या भाषेत 'हार्ट फेल्युअर' म्हणजे शरीराला लागेल तेवढं रक्त पुरवणं हृदयाला जड जाणं. हे बहुधा वर्षानुवर्षं आतल्या आत चालतं. म्हणूनच धोका आधी ओळखता येतो.

त्यातला निम्मा हिशेब तुमच्या घरातच आहे. वहीच्या कोऱ्या पानावर लिहा: वय, वजन, रक्तदाब, रक्तातली साखर. मूत्रपिंडाचा त्रास आहे का? तंबाखू किंवा मिश्रीची सवय? लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? त्या तापाने हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. आणि गरोदरपणात रक्तदाब किंवा साखर वाढली होती का? ही शेवटची गोष्ट बायका सांगत नाहीत. मूल वीस वर्षांचं झालं असलं तरी ती डॉक्टरांना सांगायलाच हवी.

अशाच माहितीवरून पुढच्या दहा वर्षांतला धोका काढण्याचं 'प्रिव्हेंट' नावाचं गणित अमेरिकेच्या हृदयसंस्थेने २०२३ साली दिलं. पण ते तिकडच्या लोकांच्या नोंदींवर बेतलेलं आहे. आपल्याकडे हा आजार लवकर गाठतो. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात २०१३ साली नोंदवलेल्या १२०५ रुग्णांचं सरासरी वय ६१ होतं. तेव्हा 'अजून पन्नाशीच आहे' म्हणून निर्धास्त राहू नका.

उरलेला हिशेब रक्त सांगतं. हृदयाच्या भिंतींवर ताण आला की त्या 'बीएनपी' नावाचं द्रव्य रक्तात सोडतात. जपानी शास्त्रज्ञांना १९८८ साली ते आधी डुकराच्या मेंदूत सापडलं, म्हणून नावात अजून मेंदूच आहे! त्याचाच जोडीदार 'एनटी-प्रोबीएनपी'. दवाखान्यात चालत आलेल्या रुग्णात हा आकडा १२५ पेक्षा कमी असेल, तर दम बहुधा हृदयामुळे नाही. जास्त असेल तर इको करून खात्री करतात.

पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका. वाढत्या वयात आणि मूत्रपिंडाच्या आजारात तो मुळातच जास्त येतो. उलट, अंगाने जाड बाईत तो फसवा कमी येतो. दम तर लागतोय आणि रिपोर्ट चांगला, असं झालं तर "मग हा दम कशाचा?" हे विचारून घ्याच. तपासणी महाग असते. स्वतःच्या मनाने करू नका, डॉक्टरांनी सांगितली तर टाळूही नका.

दोन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नाही, संध्याकाळी पायांवर जोडव्या-पैंजणांचे वळ उमटतात, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढतं, अशी लक्षणं असतील तर वहीचं ते पान घेऊन आपल्या डॉक्टरांकडे किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. आडवं पडताच जीव गुदमरत असेल तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

घरात एवढं करा: दिवसाचं मीठ माणशी एक सपाट चहाचा चमचा, त्यातच पापड-लोणचं आलं. मिश्री बंद. आणि बरं वाटतंय म्हणून रक्तदाबाची गोळी परस्पर सोडू नका.

सगळ्यांच्या औषधांच्या वेळा तुम्ही सांभाळता. या आठवड्यात एक पान स्वतःसाठी लिहा.