हिल्सबरोहून : पत्त्यामागचा पत्ता

संपादकताईंनी यंदा बजावलं होतं, "कॉम्प्युटरचं नको, फराळाचं लिहा." पण माझी चकली तेलात विरघळते, तेव्हा वाचकहो, सांभाळून घ्या.

गोष्ट जानेवारी २०१८ची. आईबाबा मिरजेहून आले होते. परतायच्या आधी चार दिवस रोटोरुआला जायचं ठरलेलं, बुकिंगही झालेलं. बाहेर पोहुतुकावाचा लाल सडा, खाली मानुकाउच्या खाडीत ओहोटी. आणि ४ तारखेला सकाळी बातमी आली : इंटेलच्या प्रोसेसरमध्ये 'मेल्टडाउन' नावाची त्रुटी सापडली आहे. लिनक्सची दुरुस्ती मी त्याच रात्री चढवली. दुसऱ्या दिवशी औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याचा फोन. ऑर्डरचं पान उघडता उघडत नव्हतं.

बाबा मिरजेच्या आरएमएसमधून निवृत्त झालेले सॉर्टर. रात्री डायनिंग टेबलाशी माझ्याजवळ येऊन बसले. "अरे, नेमकं बिघडलंय काय?"

म्हटलं, "बाबा, पिनकोडच समजा." पिनकोड म्हटलं की बाबांची कळी खुलते. १५ ऑगस्ट १९७२ला तो सुरू झाला, तो आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून, आणि ते संस्कृत कवी होते, हे ते ओळख झाल्यावर पाच मिनिटांत कुणालाही सांगतात. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा सॉर्टिंग जिल्ह्याचा. पत्र एकेक पायरी उतरत जातं.

प्रोग्रॅमला दिसणारा मेमरीचा पत्ताही असाच काल्पनिक असतो. प्रोसेसर चार पायऱ्यांच्या नोंदवह्या चाळून खरी जागा काढतो. दर वेळी चाळणं परवडत नाही, म्हणून नुकतेच शोधलेले पत्ते तो टीएलबी नावाच्या छोट्या वहीत टिपून ठेवतो.

आभासी यंत्रात, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमध्ये, गंमत अशी की पाहुण्या लिनक्सला जी खरी जागा वाटते तीही काल्पनिकच. तिच्यामागे आणखी एक पत्ता. पूर्वी दोन्हींची मिळून एक सावलीवही हायपरवायझर सॉफ्टवेअरनंच लिहीत बसे. २००७मध्ये एएमडीनं आणि २००८मध्ये इंटेलनं हा दुसरा शोधही प्रोसेसरकडेच सोपवला. मोठी सोय झाली, पण पाहुण्याच्या प्रत्येक वहीचा पत्तासुद्धा यजमानाच्या चार वह्यांत शोधावा लागतो. चाराच्या जागी चोवीसपर्यंत फेऱ्या! छोटी वही कोरी झाली की घरमालकापेक्षा भाडेकरूला जास्त महाग पडतं ते यामुळे.

आणि मेल्टडाउनच्या दुरुस्तीनं नेमकं तेच केलं. कर्नलच्या वह्या वेगळ्या काढल्या. प्रोग्रॅमनं कर्नलकडे काही मागितलं की वह्यांची अदलाबदल, आणि दर अदलाबदलीला टीएलबी पुसायची. डेटाबेस तर अशी मागणी सतत करतो. यावर उतारा होता : पीसीआयडी. नोंद कुणाची आहे त्याची खूण तिच्यावरच असते, म्हणून पुसायची गरज उरत नाही. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ही सोय २०१०पासूनची. आमच्या यंत्रांतही होती.

पण पाहुण्याला ती दिसत नव्हती, कारण लपवणारा मीच. जुन्या-नव्या यंत्रांवर चालती व्हीएम इकडून तिकडे हलवता यावी म्हणून काही वर्षांपूर्वी मी सगळ्यांना एकच साधासुधा, सर्वांत जुन्याला झेपेल असा प्रोसेसर दाखवला होता.

बाबा म्हणाले, "म्हणजे चिठ्ठ्या होत्या आणि तू गोंद लपवून ठेवलास."

सेटिंग बदललं, व्हीएम रीस्टार्ट केली. फरक शून्य. रात्रीचे दोन वाजले. मी नको तिथे, डिस्कमध्ये, नेटवर्कमध्ये शोधत बसलो. चारच्या सुमारास उजेड पडला : आतून रीस्टार्ट केलं तरी प्रोसेसर जुनाच राहतो, व्हीएम बाहेरून पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावी लागते. ती केली. प्रोसेसरच्या यादीत 'पीसीआयडी' ही अक्षरं आली, ऑर्डरचं पान उघडू लागलं. पूर्वीइतकं झटपट नाही, पण चालण्याजोगं. बाबा खुर्चीतच झोपले होते.

एक व्हीएम झाली, बाकीच्या रांगेत होत्या आणि प्रत्येकीला बंद करायची वेळ गिऱ्हाइकाकडून मागून घ्यायची. रोटोरुआ गेलं, बुकिंगचे पैसेही. आई दोन दिवस मोजकंच बोलली. तिला ती वाफेची कुंडं बघायची होती.

विमानतळावर बाबांनी विचारलं, "राहिल्यात किती?"

"अकरा."

"मग जा. पार्किंगचे पैसे वाढतायत."

आता नव्या प्रोसेसरांत चाराच्या पाच पायऱ्या आल्यात. दोन्हीकडे पाच म्हटल्यावर चोविसाचे पस्तीस. परवा फोनवर बाबांना हे सांगितलं.

"पिनकोडला सातवा आकडा आला म्हण की!" बाबा खूश.

मागून आईचा आवाज आला, "त्याला विचारा, रोटोरुआ कधी?"