दिवसा थ्री फेज

रब्बीत गव्हाला पाणी द्यायचं तर शेतकरी आधी लाइटीचं वेळापत्रक बघतो. या आठवड्यात थ्री फेज दिवसा की रात्री? महाराष्ट्रात कृषिपंपांना वर्षानुवर्षं अशी आळीपाळीनेच वीज मिळत आली. रात्रीची पाळी आली की बॅटरी आणि काठी घेऊन वावर गाठायचं, गारठ्यात चिखल तुडवत दारं धरायची. विंचू-सापाची भीती सगळीकडेच. जुन्नर-संगमनेरच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचीही.

सौरऊर्जेचं महत्त्व इथे कळतं. शेतकऱ्याला ज्या वेळी पाणी द्यायला सोयीचं, त्याच वेळी सौर पॅनेल वीज देतात. ढग आले आणि पाणी तासभर मागेपुढे झालं, तरी पिकाचं काही बिघडत नाही. कारखान्यातल्या भट्टीला ही सवलत नाही.

2017 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने हे नेमकं हेरलं. उपकेंद्राजवळच लहान सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज थेट शेतीच्या वाहिनीवर सोडायची. 2023 मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला, आणि त्यातला पहिला प्रकल्प 2024 मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात सुरू झाला. तीन मेगावॅटचाच, पण सतराशेहून अधिक शेतकऱ्यांना दिवसा वीज देणारा. अशी वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते. वीजबिलाच्या अनुदानाखाली दबलेल्या राज्याला हा मोठाच दिलासा आहे.

अडचण सुरू होते दिवस मावळल्यावर. 2025 च्या मध्यावर देशाच्या स्थापित वीजक्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला. हे उद्दिष्ट 2030 चं होतं. प्रत्यक्ष वीजनिर्मितीत मात्र कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. संध्याकाळी घरोघर दिवे, पंखे, मिक्सर एकदम सुरू होतात, तेव्हा भार चंद्रपूरसारखी औष्णिक केंद्रंच उचलतात.

यावरचा एक उपाय सह्याद्रीत 2008 पासून चालू आहे. घाटघरला वरच्या धरणातलं पाणी कड्याखाली सोडून 250 मेगावॅट वीज तयार होते. मागणी कमी असताना तेच पाणी पुन्हा वर चढवलं जातं. चढवायला परत मिळते त्याहून जास्त वीज लागते. तरीही दुपारची स्वस्त सौर वीज वापरून संध्याकाळची गरज भागणार असेल, तर हा व्यवहार फायद्याचा आहे. असे प्रकल्प उभे राहायला वर्षं लागतात, म्हणून त्यांची कामं आताच मार्गी लागायला हवीत.

दिवसा मुबलक वीज आली की विहिरी-बोअरचा उपसा वाढणार, त्याचीही काळजी आताच घ्यावी लागेल.

आणि या सौर प्रकल्पांना लागणारी जमीन? खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं ठरलं आहे. प्रकल्प गायरानावर आला, तर तिथे शेळ्या-मेंढ्या चारणाऱ्यांच्या नावावर मात्र सातबाराच नाही, त्यामुळे भाड्यावर त्यांचा हक्कही नाही. कुंपण पडण्याआधी त्यांना चराईसाठी दुसरी जागा कुठे देणार, हे ग्रामसभेत ठरून लेखी यायला हवं.